कानतुटका कप

नाताळच्या आदल्या दिवशी आमच्या घरात कामांची नुसती झुंबड उडायची. भिंतींना चुना, दाराला रंगीत कागदाची तोरणं, करंज्यांचा घाणा. या धांदलीत एक काम खास माझ्याकडे, घरातल्या सुनेकडे होतं. ओटीवरच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप उचलायचा आणि आत पिठाच्या डब्यामागे लपवायचा. सव्वीस तारखेला तोरणं उतरवली, की कप परत कोनाड्यात. सासूबाईंनी हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं आणि मी शिकले. मोठी गुणाची सून होते मी! आग लागो त्या गुणाला.

तो कप मावशीचा. नात्यातली मावशी नव्हे, सगळं लोणावळं तिला मावशीच म्हणायचं. औंढ्याकडच्या रानातून लाकडाच्या मोळ्या आणून ती विकायची. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, घाटात दरड कोसळली त्यात गेला. नवराबायकोनं बाप्तिस्मा घेतला होता तो आमच्याच ख्रिस्ती देवळात. आमच्या घरानंही तीन पिढ्यांमागे तिथंच घेतलेला. फरक एवढाच, की माझ्या सासऱ्यांचे आजोबा मावळातल्या जमीनजुमल्याच्या घरातले होते आणि मावशी गावकुसाबाहेरची. सासूबाई म्हणायच्या, "आपण येशूचे झालो, म्हणून काय कुणाचेही झालो?" आमचा देव बदलला, पंगत बदलली नाही.

नाताळ तेवढा वेगळा. त्या दिवशी देवळाच्या आवारात प्रीतिभोजन व्हायचं, सगळे एका पंगतीला. पाळकसाहेब स्वतः वाढायचे. मग मावशी आमच्या घरी यायची, उंबऱ्याच्या आत, सतरंजीवर बसायची आणि आमच्या फुलाफुलांच्या कपातून चहा प्यायची. दोन्ही हातांनी धरायची तो कप. सासूबाईही तिला "आणखी एक करंजी घे गं" म्हणायच्या. त्यात खोटं काही नव्हतं, त्या दिवसापुरतं ते अगदी खरं होतं. आमचं सगळं ख्रिस्तीपण त्या एका दिवसात मावायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा आमचे.

मावशीला मात्र ते रोज हवं होतं. तिला वाचता येत नव्हतं. आमच्याकडे दिवेलागणीला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं काम माझं होतं. माझा नवरा स्टेशनात कारकून, दमून यायचा आणि ऐकता ऐकता पेंगायचा. सासूबाईंचं अर्धं लक्ष चुलीवर. खरं सांगायचं तर मन लावून ऐकणारी एकटी मावशीच, आणि ती ओटीच्या पायरीवर. मोळी विकून यायची, तिच्या कपात चहा प्यायची, कप स्वतः विसळून कोनाड्यात पालथा घालायची आणि पदर डोक्यावर घेऊन बसायची. दुसऱ्या दिवशी मला विचारायची, "बाई, कालचा त्यो आंधळा, त्याला मग दिसाया लागलं, तवा त्यानं पयलं काय बगितलं आसंल?" मला कुठं ठाऊक! मी वाचायची, विचार ती करायची.

आता लोणावळ्याचा पाऊस म्हणजे चार महिन्यांचं दुखणं. आमचं छप्पर पत्र्याचं. पत्र्यावर सरी कोसळायला लागल्या, की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मावशी पायरीवर इरलं पांघरून बसायची, पाय भिजलेले. "बाई, जरा मोट्यानं वाचा, ऐकू येत न्हाई." मी मोठ्यानं वाचायची. पाऊस वाढला की आणखी मोठ्यानं. घशाच्या शिरा ताणून मी शुभवर्तमान ओरडत असे. आमची शेजारीण, मुसलमानाची भाभी, एकदा सकाळी हळूच विचारते, "काल कुणाशी वाजलं गं तुझं? सासूशी?" मी खो खो हसले. घरात सगळ्यांना सांगितलं, सगळे हसले. दाराच्या आत तीन हात जागा रिकामी होती. "मावशी, आत ये," हे तीन शब्द म्हटले असते तर ओरडावं लागलं नसतं. इतकी वर्षं घसा फोडला, पण हे डोक्यात आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. आलं आणि मी ते गिळलं.

घाटात विजेची इंजिनं धावू लागली, त्याच सुमारास भाद्रपदात सासूबाई गेल्या. घर माझ्या हाती आलं. आता दोष द्यायला दुसरं कुणी उरलं नाही.

त्या नाताळात मावशी सकाळीच आली, करंज्या लाटायला मदत करते म्हणाली. सणाचा दिवस, आत आली. पीठ कमी पडलं म्हणून उठली, डबा ओढला, आणि मागे तिचा कप.  तिनं तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यो हितं व्हय? दर साली नाताळात दिसत न्हाई, मला वाटायचं कुनी घासाया नेला."

 ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "बाई, एक मागू? ह्यो फुटला आसं समजा की. उंद्यापासनं मी आत बसंन. कोपऱ्यात बसंन. मला त्ये शास्तर नीट ऐकायचंय. म्हातारी झाले, दरसालचा एक दीस पुरत न्हाई आता."

माझे डोळे भरून आले. मी तिचा पिठाचा हात धरला आणि म्हणाले, "फुटला, मावशी. आजपासून फुटला." मनापासून म्हणाले हो! देवाशपथ मनापासून. त्या दिवशी प्रार्थनेत माझा आवाज कापत होता आणि मला वाटलं, आज खरा नाताळ झाला.

कप मी पिठाच्या डब्यामागे तसाच ठेवला. तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी नणंद पुण्याहून आली, नवऱ्याला घेऊन. नणंद म्हणजे सासूबाईंचीच प्रत, नाकही तेच आणि नाक मुरडणंही तेच. दिवेलागणीला मावशी आली. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली होती. तिनं एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं. नणंदेनं फक्त पाहिलं. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे.  आणि माझ्या तोंडून आपोआप, अगदी गोड आवाजात निघालं, "मावशी, ओटीवर बस हं, चहा घेऊन आलेच."

आत गेले. फुलांचे कप फळीवर समोर होते. मी वाकले आणि डब्यामागचा काढला. हात थरथरला असं मी पुढे लोकांना सांगितलं. थरथरलाबिरथरला काही नाही. सवयीचा हात, सरळ गेला.

मावशीनं कपाकडे पाहिलं. "फुटला न्हवता व्हय," म्हणाली. एवढंच. चहा प्याली, कप विसळला, कोनाड्यात पालथा घातला. मी शास्त्र उघडून वर पाहिलं तोवर पायरी रिकामी होती. नणंद म्हणाली, "वाच ना, वहिनी." मी वाचलं. हळू आवाजात, कारण मोठ्यानं वाचायची गरज नव्हती.

त्यानंतर ती आली नाही. मी म्हटलं, थंडी आहे. मग म्हटलं, मोळ्यांचा हंगाम आहे. मनाला समजवायला कारणं काय, पैशाला पासरी. शेवटी कळलं, ती भाजे गावाला भावाकडे राहायला गेली. तरी माझी पावलं उचलायला चैत्र उजाडला.

मळवलीला गाडीतून उतरले आणि रणरणत्या उन्हात भाज्यापर्यंत चालत गेले. मावशी खोपटाबाहेर निवडुंगाच्या कुंपणाच्या सावलीत बसली होती, निम्मी झालेली. मला पाहून उठली, पदरानं जागा झाडली. मी सगळं बोलून टाकलं. माझं चुकलं, पदर पसरते, परत चल, आत बस, माझ्याशेजारी बस.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, मी प्रार्थना सोडली."

"असं नको म्हणूस गं!"

"राग न्हाई माझा. पर मी इचार केला. नाताळाच्या दिशी त्यो माझा. बाकीच्या दिसांत त्यो तुमच्या घरात आसतो, दाराआड. येका दिसाचा देव घिऊन मी काय करू?"

 वीस वर्षं शास्त्र वाचणारी मी, एक ओळ आठवली नाही.  काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, "मावशी, पाणी दे."

 खवचटपणा नव्हता, तिनं खरंच विचारलं, "देऊ? आज नाताळ न्हाई."

"दे," मी म्हणाले.

तिनं तांब्या आणला. लख्ख घासलेला. मी तो घेतला, मान मागे केली, आणि वरून धार धरून प्यायले. ओठ लावला नाही. तांब्याला कुणीच ओठ लावत नाही म्हणा, माझ्या माहेरीही सगळे वरूनच पितात. पण ती पाहत होती, आणि ती पाहते आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी वरून प्यायले. तिनं रिकामा तांब्या माझ्या हातून घेतला आणि म्हणाली, "जा आता, गाडी चुकंल."

त्याच पावसाळ्यात ती गेली. मला कळलं तेव्हा महिना उलटला होता. देवळाच्या वहीत तिच्या मृत्यूची नोंद करताना नव्या पाळकसाहेबांनी विचारलं, "ती आपल्यातली ना?" मी "हो" म्हणाले. आता म्हणायला काय जातंय!

नाताळ आला. भिंतींना चुना लागला, तोरणं लागली. चोवीस तारखेला संध्याकाळी माझा हात कोनाड्यात गेला, कप उचलला आणि मी पिठाच्या डब्याकडे निघाले. स्वयंपाकघराच्या दारात पाय अडले. आता लपवायचा कुणापासून?  तो कप फोडायला दगडधोंडा काही लागत नव्हता, नुसता हात सोडायचा होता. एवढ्यात बाहेरून नवऱ्यानं हाक मारली, "अगं, येतेस ना? प्रार्थनेची वेळ झाली." मी कप डब्यामागे ठेवला आणि प्रार्थनेला गेले.