रुपयावरचे ठसे

दूध सोसायटीत दूध येईनासं झालं की किस्से साचायला लागतात. दुष्काळात पाटोद्याच्या आमच्या सोसायटीचं संकलन बंद पडलं. मी सेक्रेटरी, सवयीनं ऑफिस उघडून बसायचो. सोबतीला साळवे सर आणि तांबोळी चाचा. दोघांनाही जुन्या नाण्यांचा भारी नाद!

चांदी मोडायला निघालेले लोक आधी खरं-खोटं विचारायला आमच्याकडं यायचे. पूर्वी चांदीचा रुपया ज्या सराफाच्या हाती पडे, तो पारखून त्यावर आपला बारीक ठसा मारी. फूल, चांदणी, मासा. आम्ही भिंगातून ते ओळखायचो. बाजारात गेलेला रुपया लगेच आटवला जायचा, म्हणजे त्याला शेवटचं बघणारे आम्हीच. लई वाईट वाटायचं.

एकदा चेअरमन दारात उभे. "सोसायटी बंद, मग हे काय चाललंय?"

चाचा म्हणाले, "दूध न्हाई, तर चांदीची फॅट काढतोय, साहेब!"

चेअरमन हसले. मग हळूच खिशातून बायकोच्या माळेतला रुपया काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

आष्टीकडच्या एका आजोबांचा रुपया ठशांनी इतका भरलेला की राजाचं तोंडच गायब! सर खूश. "बाबा, इतक्या सराफांनी खरा म्हटलाय याला!"

आजोबा म्हणाले, "तरीबी आजचा सराफ घासूनच बघनार. गरिबाच्या हातात आला की खऱ्याचा खोटा व्हतो, सर!"

चाचांचे वडील एका पेढीवर ठसे मारायचे. एकदा कुणाच्या तरी रुपयावर मासा दिसला आणि चाचा उठूनच उभे राहिले. "हा अब्बांचा हात हाय! त्येंच्या माशाची शेपटी कायम वाकडी!"

"मग ठेवून घ्या की विकत," सर म्हणाले.

"कशानं घिऊ? म्हसरं छावणीत हायत माझी." चाचांनी रुपया परत दिला.

आणि सुभद्राबाई. ऊसतोडीला निघालेल्या. म्हणाल्या, "सर, रुपया आज मोडायचाय. त्याच्यावरचे ठसे तेवढे कागदावर उतरवून द्या."

सरांनी कागद-पेन्सिल घेतली, आधी रुपया भिंगातून पाहिला. पाच ठसे, त्यातल्या तीन ठशांवर छिन्नीची आडवी रेघ. "बाई, हे तीन कुण्या सराफानं खोटे ठरवलेत. चांगले दोन उतरवतो."

"सराफाचे न्हाईत ते. लेकरू झालं की पाचवीला ठसा मारायची रीत हाय आमच्यात."

सरांनी पुन्हा भिंग उचललं.

"दोघं हायत घरी, रोज दिसतेत. रेघवाली तिघं तेवढी उतरवा."