फेपरं डागण्याने गेलं म्हणे

भाऊ, मी घर सोडलं ती सकाळ तू विसरला नसशील. आदल्या दिवशी मला खळ्यात फेपऱ्याचा झटका आला होता. दातखीळ बसली म्हणून कुणीतरी उलथन्याने तोंड उचकटलं आणि पुढचा दात तुटला. शुद्धीवर आले तेव्हा चुलीत विळा लाल होत होता. तू माझ्या गुडघ्यांवर बसलास आणि बापूंनी दोन्ही पोटऱ्यांवर तीन-तीन डाग दिले. आधी चामडी जळल्याचा वास आला, वेदना मागून आल्या. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यालाही डागच म्हणतात, पण एकोणिसाव्या वर्षी मला मिळाले ते हे.

सकाळी आईने बोलावलेली मावशी नाशिकहून आली. ती तिथे एका दवाखान्यात आया होती. माझे पाय बघून तिने बापूंकडे पाठ फिरवली. माझी पिशवी भरली आणि मला चांदवडच्या स्टँडवर नेलं. एसटी सुटताना आई खिडकीशी येऊन म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, सुमे. कुणाला काही सांगू नको." आईचं मी फारसं कधी ऐकलं नाही. हे मात्र ऐकलं, आणि नको तिथे.

नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांनी ईईजी काढला आणि हा मेंदूचा आजार आहे, रोज वेळेवर गोळ्या घ्याव्या लागतील, असं सांगितलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हा आपला कारभार मला तेव्हा कळला. तरी पहिल्याच वर्षी मी शहाणपणा केला. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या आणि भर रस्त्यात कपाळ फोडून घेतलं. सहा टाके पडले. डॉक्टर रागावले नाहीत, पण आरशात बघून मीच मला शिव्या घातल्या.

त्यानंतर मी विचारायला शिकले. झटका कधी येतो ते वहीत लिहीत गेले, तेव्हा झोप मोडली की येतो हे लक्षात आलं. सातपूरच्या कंपनीत सुपरवायझरला आधीच सगळं सांगितलं. त्याने मला प्रेस मशीनवरून काढून पॅकिंगला टाकलं आणि रात्रपाळी बंद केली. लग्नाआधी नवऱ्याला सांगितलं. बाळाचा विचार आला तेव्हा आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलून घेतली. सगळ्या जगाला सांगितलं, भाऊ, फक्त तुम्हाला नाही. गावी येताना गोळ्या पावडरच्या डब्यात लपवायचे आणि कुणी विचारलं तर बरी झाले म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात तुझा फोन आला. तुझ्या आरतीला, नऊ वर्षांच्या पोरीला, शाळेत दोनदा झटका आला होता आणि बापू संध्याकाळी डाग देणार होते. तू हे इतक्या सहज सांगितलंस की मला आधी कळलंच नाही. मग अर्धी सुट्टी टाकून एसटी पकडली.

तिची किंकाळी मला गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली. ओढून घेतलेलं दार ढकलून आत गेले, तर एक डाग देऊन झाला होता. तू तिच्या गुडघ्यांवर बसला होतास. मी तुझ्या कानफटात मारली, दोनदा, आणि अजूनही तिसरी मारली नाही याचं वाईट वाटतं. बापूंच्या हातातला विळा ओढला तो पात्याकडून, त्यात तळहात भाजला. तेव्हा बापू म्हणाले, "आगं सुमे, यानंच तर तू बरी झाली. चौदा वर्सं झाली, येक झटका आला का तुला?"

तो विळा माझ्या गप्प बसण्याने तापला होता. पिशवीतला पावडरचा डबा काढून मी सगळ्या गोळ्या त्यांच्यापुढे ओतल्या.

"रोज दोन येळा खाते, बापू. सोडल्या तर हितंच पडंल."

बापू भिंतीला टेकून खाली बसले. "मंग सांगितलं का नाय?" एवढंच विचारलं.

आरती तेव्हापासून माझ्याकडे आहे. तिच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात एकदा झटका आला तेव्हा मी तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही आणि घड्याळ बघत बसले. पाच मिनिटांवर गेलं असतं तर रिक्षा करून दवाखाना गाठला असता. दोन मिनिटांत थांबलं. थोड्या वेळाने उठून तिने पोहे मागितले. गाव सोडून आलेल्या माझ्यासारख्यांना एवढंच सांगते, घरी नुसतं बरं आहे म्हणू नका, कशामुळे बरं आहे तेही सांगा.

तू दर फोनवर विचारतोस, पोरीला घरी कधी आणतेस. माझा राग अजून गेलेला नाही, पण माहेरची ओढही गेलेली नाही, हे मी कबूल करते. चांदवडची एसटी दिसली की अजून पाय वळतात. म्हणून तुलाच इकडे बोलावलं आणि काल आरतीला म्हटलं, तुझे बाबा रविवारी भेटायला येतायत. तिने पाटीवरचं गणित पुरं केलं आणि शांतपणे विचारलं, "आत्या, ते आल्यावर तू दार उघडंच ठेवशील ना?"