धरमकाट्यावरचा होणारा जावई

मुलगी पाहायला स्मृती नगरला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी माझा पगार विचारला नाही, पत्रिकाही मागितली नाही. चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "काट्याचा प्रोग्राम लिहिता येते का?"

गृहस्थ स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. उभा जन्म कोक ओव्हनपाशी गेला होता आणि आता हायवेला लागून त्यांनी धरमकाटा टाकला होता. भंगाराचे, कोळशाचे, चुन्याचे ट्रक तिथे वजनाला यायचे. जुना सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नव्हता. मी पोटासाठी विंडोजवर चालणारे छोटे प्रोग्राम लिहायचो, कोणाच्या लॅबसाठी, कोणाच्या लॉजसाठी. काट्याचा कधी लिहिला नव्हता.

"येते ना काकाजी," मी म्हणालो.

"मंग लिही. पावसाळाभर चालला, का दिवाळीनंतर साक्षगंध."

गच्चीवर आम्हाला बोलायला पाठवलं. मी विंडोजबद्दल बराच वेळ बोललो. मुलगी एम.कॉम., दुपारी काट्याच्या काउंटरवर बसायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आप हमेशा इतना बोलते हो, का आज नवा शर्ट घातला म्हणून?"

परत मोहन नगरला येताना मी आईला सांगून टाकलं की लग्न केलं तर हिच्याशीच. आई म्हणाली, "आधी प्रोग्राम कर. तुले पोरगी पायजे, त्याईले मेकॅनिक पायजे."

प्रोग्राम मी जीव ओतून केला. जीव ओतून म्हणजे दिखाव्यासाठी. ट्रक काट्यावर चढला की वजन तारेतून कम्प्युटरवर यायचं, कॅमेरा गाडीचा फोटो काढायचा आणि तो फोटो अख्ख्या पडद्यावर झळकायचा. फोटो एवढा मोठा कशाला? सासऱ्याला चष्मा न लावता दिसावा, एवढाच हेतू.

काकाजी खूश झाले. विश्वकर्मा पूजेला त्यांनी सीपीयूला हळदकुंकू लावलं, समोर नारळ फोडला. प्रोग्राम तेव्हाही चालूच होता. तो कायमच चालू असायचा. वीज गेली की इन्व्हर्टर, तो दमला की जनरेटर. कोक ओव्हनची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं बंद करत नाहीत, थंड झाली तर आतल्या भिंती तडकतात. काकाजींनी तोच नियम कम्प्युटरला लावला होता. रात्री काटा बंद, गेटला कुलूप, आत पडद्यावर दिवसातला शेवटचा ट्रक तसाच उभा.

बरेच महिने सगळं सुरळीत चाललं. आईनं साक्षगंधाच्या साड्याही आणल्या. मग मुलगी मावसबहिणीच्या लग्नाला गोंदियाला गेली, आठवडाभर राहिली, परत आली, आणि ज्या दिवशी काउंटरवर बसली त्याच दिवशी माझा प्रोग्राम आडवा झाला. फोटोच्या जागी पांढरा चौकोन, त्यावर तांबडी फुली, खाली निरोप: आउट ऑफ मेमरी. बाहेर ट्रकांची रांग आणि हॉर्न.

"इंजिनियर साहेब," काकाजींचा फोन आला, "तुमच्या प्रोग्रामनं स्वतःलेच नापास केलं."

या धंद्यात पहिला प्रश्न एकच असतो. मी तो विचारला. "एकदा बंद करून चालू केला का?"

काकाजी हॉर्नच्या वर आवाज चढवून म्हणाले, "भट्टी बंद करत असतेत का बे?"

मी स्कूटर काढून गेलो. काकाजी रांगेतल्या ड्रायव्हरांवर ओरडायला बाहेर गेले तेवढ्यात प्रोग्राम बंद केला, चालू केला, झाला सुरू. ते आत आले आणि म्हणाले, "काय होतं?"

काय होतं ते मला माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना प्रोग्रामर जे म्हणतो ते मी म्हणालो. "ऑपरेटरकडून काहीतरी दाबल्या गेलं असेल."

ऑपरेटर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी तर अजून कीबोर्डला हात बी नाही लावला," ती म्हणाली. काकाजींनी तिचं ऐकलं नाही. इंजिनियर बोलला होता. दुसऱ्या दिवसापासून तिचं काउंटर बंद, तिच्याकडे फक्त वडिलांचा डबा आणायचं काम. खुर्चीवर ते स्वतः बसू लागले.

यानंतर प्रोग्राम दर आठवड्याला पडू लागला.

घरी माझ्या मशीनवर तो कधी म्हणून कधी पडला नाही. मी चालवायचो, दोन-चार ट्रक खोटे खोटे चढवायचो, बंद करायचो, एक ओळ बदलायचो, परत चालवायचो. "माझ्याकडे तर चालते" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की काट्यावरचे ड्रायव्हर मला पाहिलं की तेच म्हणायचे. एकाचं टायर बसलं होतं. तो मला म्हणाला, "जवाईबाबू, मेरे घर पे तो चलता है."

निरोपात मेमरी लिहिलं होतं म्हणून मी नवीन रॅम बसवायला लावली. प्रोग्राम पडला. अँटीव्हायरसचा दोष काढला, अँटीव्हायरस उडवला. प्रोग्राम पडला, वर दोन व्हायरस आले. काकाजी आता मला आत खुर्ची देत नसत. मी उभ्यानं टाइप करायचो आणि ते गाडीवाल्यांना सांगायचे, "हा आमचा होणारा जवाई. काई होऊन नाई राहिलं याच्याकून."

शेवटी एक दिवस त्यांनी तारीखच सांगितली. "रविवारी नागपूरची पार्टी येऊन राहिली. पोरगा बँकेत आहे. शनिवारपर्यंत दुरुस्त झालं तर त्याईले फोन करून नाही म्हणतो. नाई झालं तर तुले म्हणतो."

शुक्रवारी मी सकाळीच काट्यावर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न बदलता नुसता पाहत बसलो. टास्क मॅनेजरमध्ये एक रकाना आपण होऊन लावावा लागतो, प्रोग्रामनं विंडोजकडून चित्रं काढायची किती साधनं उचललीत ते दाखवणारा. ट्रक चढला, आकडा वाढला. ट्रक उतरला, आकडा तिथेच. दुसरा चढला, आणखी वाढला. बिछायत केंद्रातून प्रत्येक पंगतीला भाड्याची नवी ताटं आणावीत आणि एकही परत करू नये, तसं मी चालवलं होतं. विंडोज एका प्रोग्रामला ठराविकच ताटं देतो. ती संपली की मेमरी कितीही रिकामी असो, पंगत उठते. प्रोग्राम बंद केला की सगळी ताटं आपोआप परत जातात, म्हणून माझ्या घरी काही होत नव्हतं. दुरुस्तीला एक ओळ लागली. नवा फोटो लावण्याआधी जुना परत कर.

दुपारी ती डबा घेऊन आली. काकाजी हात धुवायला नळावर गेले होते. मी तिला आकडा दाखवला, आता वाढतो आणि खाली येतो, वाढतो आणि खाली येतो. ती वाकून पाहत राहिली. तिच्या केसांना शिकेकाईचा वास येत होता. त्या दिवसापर्यंत तिनं मला एवढं जवळ येऊ दिलं नव्हतं.

"पण एक समजून नाही राहिलं," मी म्हणालो. "तू बसायची तेव्हा इतके महिने कसा काय चालला?"

ती हसली. नळाकडे एकदा पाहून घेतलं. "बाबा जेवायला घरी जायचे ना, तेव्हा मी सीरियल पाहायची. तुमचा ट्रक पूरी स्क्रीन खाऊन बसतो. तर रोज बंद करायची, नंतर चालू करायची. बाबांना सांगू नका हं. मार डालेंगे."

"वेडी आहेस का, मी कशाला सांगू," मी म्हणालो. मला वाटलं झालं आपलं लग्न.

काकाजी पंच्याला हात पुसत आले, मागे पावतीसाठी तीन ड्रायव्हर. मी दोष सापडल्याचं सांगितलं. ताटं, पंगत, सगळं सांगितलं. त्यांनी डबा उघडत शांतपणे ऐकलं.

"खोटं बोलून राहिला," ते म्हणाले. "असं असतं तर पयल्याच आठवड्यात पडला असता. मंग इतके महिने काहून चालला?"

एक ड्रायव्हर म्हणाला, "घर पे चलता था, काकाजी." तिघं हसले.

मी व्होल्टेज म्हणू शकलो असतो. व्होल्टेज म्हटलं की कोणीही मान डोलावतो. पण मी खरोखर दोष शोधला होता, आयुष्यात पहिल्यांदा रीतसर शोधला होता, आणि माझ्या उत्तरात एक भोक दाखवून माणसं हसत होती. त्या क्षणी मला पोरगी नको होती, मला बरोबर ठरायचं होतं.

"कारण तेव्हा ही रोज दुपारी प्रोग्राम बंद करायची," मी म्हणालो. आणि एवढ्यावर न थांबता, पुराव्यादाखल, "सीरियल पाहायला."

काकाजींचा घास हातात राहिला. ते तिच्याकडे वळले. "म्हणजे मी इकडं इन्व्हर्टरले पाणी घालत होतो अन् तू रोज भट्टी थंडी करत होती? सीरियलसाठी? एवढी शिकवली ते याच्यासाठी?" बरंच बोलले. ड्रायव्हरांनी पावत्या मागितल्या नाहीत, उभे राहून ऐकलं. मी मध्ये एकदा म्हणालो की तिच्यामुळेच खरं तर प्रोग्राम टिकला, पण ते इतकं तांत्रिक होतं की कोणी लक्ष दिलं नाही.

तिनं डब्याची झाकणं गोळा केली, पिशवीत टाकली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "हो गए सही?"

"अगं ऐक तर."

"पहिल्यांदा मी काही केलं नव्हतं तेव्हा माझं नाव घेतलं. आज मी सांगितलं म्हणून घेतलं. तुम्हाला ना, फक्त नाव पाहिजे असते." आणि ती उन्हात पायी निघून गेली, स्कूटी तिथेच सोडून.

काकाजींना मात्र मी फार आवडलो. शनिवारी त्यांनी स्वतः फोन केला. "प्रोग्राम फस्टक्लास. मी त्या नागपूरवाल्याईले नाही म्हणणार होतो. पण पोरगी म्हणते तेच पाह्यजेत. मी बी काय करू? तू वाईट वाटून घेऊ नको. काटा तर तुलेच पाहा लागन."

आईनं साड्या परत केल्या. दुकानदार कारण विचारत होता, तर म्हणाली, "मशीन सुधरली, पोरगा नाई सुधरला."

काटा मीच पाहतो, आजतागायत. प्रोग्राम पडत नाही. तिच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांनी काकाजींनी बोलावून घेतलं, आता खुर्चीही दिली, चहा मागवला आणि मोबाइल पुढे केला. मुलीचा आणि जावयाचा फोटो, दोघं कुठल्याशा धबधब्यापुढे. "प्रोग्राम चालू केला का हा पयले दिसला पाह्यजे," ते म्हणाले. "मोठा. पूर्ण पडद्यावर."

मी लावला. उभा फोटो आडव्या पडद्यावर ताणला गेला की माणसं रुंद होतात. ती कडेला त्याच्या मागे अर्धी झाकलेली होती, तिचा खांदा तेवढा फुगलेला दिसला. बँकवाला मधोमध होता, त्याचे गाल थेट धबधब्याला टेकले.

काकाजी चष्मा वर करून पाहत राहिले. "जवाई जरासा भरला वाटते."

"सासरचं जेवण मानवलं," मी म्हणालो.

हा दोष या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेला आहे, दुरुस्तीला एक शब्द बदलावा लागतो. दिवाळीला ती माहेरी येते तेव्हा काट्यावर डोकावते म्हणे, आणि पडद्यावर नवऱ्याला तसा रुंद पाहते. तक्रार अजून आलेली नाही. आली की पाहू.