भावाच्या वाटणीचा पाढा

कुरुळीतून शाळेला जायचं तर तेव्हा ओढा ओलांडावा लागे. माझा थोरला भाऊ शाळेतून येताना पुरात वाहून गेला. तो सापडलाच नाही. वडिलांनी मला शाळेत घालायचा विचार सोडला. "मी शिकवीन घरीच," म्हणाले. शेतातून आले की हातपाय धुऊन ओसरीवर बसत.

अक्षरं, बेरजा पटकन जमल्या. अडचण निराळीच होती. भांडायला कुणी नाही, माझी चूक बघून हसायला कुणी नाही. गणित चुकलं की मी ओसरीच्या खांबावर डाफरायची. दिवेलागणीला परवचा असे. भाऊ होता तेव्हा आम्ही पाढे वाटून म्हणत असू, एक ओळ त्याची, एक माझी. वडिलांनी तो रिवाज मोडला नाही. त्याच्या ओळीला ते डोळे मिटून थांबत, मीही थांबे. चुलीपुढं आईचं भाकरी थापणं थांबे. खोटं कशाला सांगू, त्या शांततेत कधी कधी मला त्याचा आवाज यायचा.

"पोरगी खांबाशी बोलतीया," एकदा आई म्हणाली. "तिला पोरांत बसू द्या. वड्याचं भ्या वाटतं, तर तुमी सोडाया जा."

वडील तयार झाले, पण गुरुजींनी घेतलं नाही तर पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही, असं बजावून. मला शाळा हवी होती. त्याहून पोरं हवी होती.

ओढा त्यांनी मला खांद्यावर बसवून पार केला. गुरुजी म्हणाले, "तेराचा पाढा म्हण."

मी जरा गप्प राहिले. मग म्हटलं, "तेरा दुणे सव्वीस." थांबले. "तेरा चोक बावन्न." वर्ग हसला.

"हिला निम्माच येतो," गुरुजी म्हणाले.

मला भयंकर राग आला. सगळा येत होता मला. पण भावाची ओळ मी म्हटली, तर तो आला की काय म्हणणार?

वडील दारात उभे होते. ते नुसते गप्प राहिले असते, तरी मी कायमची घरी बसले असते. ते आत आले, माझ्यापुढं उकिडवे बसले. "त्याचंबी आता तूच म्हण, बाळा."

मी म्हटलं, "तेरा एके तेरा." पुढं कुठंच थांबले नाही. रडत होते, पण थांबले नाही. गुरुजींनी नाव घातलं.

त्या संध्याकाळी परवच्याला वडीलही थांबले नाहीत. चुलीपुढं आईचे हात मात्र एका ओळीआड थांबत राहिले.