साक्षीचा आवाज कामणचा

हळदीच्या मांडवात हंसा पाटलिणीने धवल्याची पहिली ओळ उचलली की मागे चुलीवर भात उपसणाऱ्या बायकासुद्धा गप्प व्हायच्या. धवला म्हणजे लग्नातल्या एकेका विधीचं गाणं, आणि ते गाणारी ती धवलारीण. हंसा ते आईच्या मांडीवर शिकली होती. खाडीपलीकडच्या माहेराहून ती कामणला सून म्हणून आली तेव्हा बरोबर फारसं काही नव्हतं, पण गळा होता. जाडसर, सावकाश, कुठलीच घाई नसलेला आवाज, माईकशिवाय मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा.

पुढे हळदीला डीजे आला. हंसाला अजून बोलावणं यायचं, पण पाटावर बसवून दोन ओळी म्हणून घ्यायचे, फोटो काढायचे, की लगेच जमीन हादरवणारं गाणं सुरू. तिने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. "पोरं नाचतात तर नाचू दे," ती म्हणायची. "नवरीला हळद लागली म्हनजे झालं."

नवरा शत्रुघ्न घरची भाजीची वाडी सांभाळायचा, मुलगा अल्पेश गोदामात सुपरवायझर होता, आणि सून दिपिका शेजारच्या मोठ्या सोसायटीत मुलांच्या शिकवण्या घ्यायची. हंसा डबे करायची. त्याच डब्यांच्या वाटेने ती टीव्हीत शिरली.

वसई-भिवंडी रस्त्यावरचं एक गोदाम बरेच दिवस बंद पडलं होतं. तिथे 'साक्षी हजर आहे' नावाच्या मालिकेचं शूटिंग सुरू झालं. गोष्ट गुन्हेगारीची. शहरभर कॅमेरे लागलेत आणि त्यांच्या मागे साक्षी नावाचं एक बुद्धिमान यंत्र आहे. ते चेहरे ओळखतं, माणूस पुढे कुठे जाईल ते ताडतं आणि इन्स्पेक्टरला सांगतं. गोदामात पोलिसांची कंट्रोल रूम उभारली होती. भिंतभर पडदे, निळे दिवे, आणि त्या दिव्यांत सगळ्यांचे चेहरे आजारी दिसायचे. दुपारचं जेवण हंसाकडे होतं. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, जवळ्याची चटणी. पहिल्याच दिवशी चटणी संपली आणि दिग्दर्शक जितेश स्वतः पातेलं पुसून गेला.

साक्षीचा आवाज नंतर स्टुडिओत भरायचा होता, त्यासाठी मुंबईची एक नावाजलेली बाई ठरली होती. सेटवर मात्र कुणीतरी त्या ओळी वाचाव्या लागायच्या, नाहीतर इन्स्पेक्टरने उत्तर द्यायचं कुणाला? रोज वाचणाऱ्या मुलीचा एके दिवशी घसा बसला. जितेशने इकडेतिकडे पाहिलं. हंसा रिकामी भांडी गोळा करत होती.

"काकी, वाचता येतं ना?"

"सातवी झालेय. मोठी अक्षरं असली तर चष्म्याबिगर पन वाचते."

तिला पडद्यामागे स्टुलावर बसवलं. तिने कागद लांब धरला आणि धवला म्हणताना घ्यायची तसा आधी श्वास घेतला. मग म्हणाली, "तो पानवठ्याजवळ उभा आहे. त्याच्या हातात काही नाही. पन तो घाबरलेला आहे."

इन्स्पेक्टर झालेला नट आपली ओळ विसरला. जितेश त्याच्यावर चिडणार होता, पण त्याचाही हात कपाळाशीच थांबला. कोपऱ्यात आवाजाची मशीन सांभाळणारी पिंकी तेवढी हलली. कुणी सांगितलं नव्हतं तरी तिने रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं.

पुढे मुंबईच्या बाईने सगळ्या ओळी सुरेख म्हणून दिल्या. पिंकीने गुपचूप दोन्ही आवाज लावून चॅनेलच्या लोकांना ऐकवले. जितेश सांगत आला तेव्हा हंसा भाकरी थापत होती.

"काकी, त्यांनी तुमचा आवाज घेतलाय. म्हणाले, ती बाई सांगते, ही बघते."

हंसाला वाटलं चटणीबद्दल काही तक्रार आली असेल. कळलं तेव्हा तिची पहिली काळजी वेगळीच होती. "माझ्या तोंडात 'ण' च्या जागी 'न' बसलाय. टीव्हीवर लोक हसतील."

त्या काळजीपोटी स्टुडिओतल्या पहिल्या दिवशी तिने सगळा जोर ण वर लावला. 'पाणी' म्हणाली, 'कोण' म्हणाली, आणि त्या भरात 'मन' चं 'मण' आणि 'नजर' ची 'णजर' करून बसली. काचेपलीकडे पिंकी हसून हसून खुर्चीवरून घसरली. हसणं आवरल्यावर आत आली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "काकी, घरी बोलता तसं बोला. आम्हाला तेच हवंय." मग जितेशनेही ठरवून टाकलं, की साक्षी एरवी पुस्तकी बोलेल, पण धोका जवळ आला की तिच्या तोंडी खाडीकडची बोली येईल. "पलू नको," ती अंधारातल्या चोराला सांगायची, "पुढं पानी हाय." लोकांना हेच आवडलं. रिक्षावाले ब्रेक मारता मारता म्हणू लागले, पुढं पानी हाय.

गावात काय झालं ते विचारू नका. शत्रुघ्न छाती काढून फिरू लागला आणि घरी आवाज खाली आणून बोलू लागला. "साक्षी ऐकते हाय," असं म्हणून तो तंबाखूची पुडी उशीखाली सरकवायचा. मासळीवाली न सांगता बोंबलांत वाढ घालायची. आणि एक गंमत तर सगळ्यांवर कडी झाली. भाजीच्या वाडीतली पाण्याची मोटर पावसाळ्याआधीच चोरीला गेली होती. मालिकेत एका भागात साक्षी चोराला म्हणाली, "तू उचललंस ते मी बघितलं. जिथलं तिथं ठेव." दुसऱ्या दिवशी सकाळी शत्रुघ्न वाडीत गेला तर मोटर विहिरीच्या कठड्यावर, पुसूनबिसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

शत्रुघ्नने ती गोष्ट अख्ख्या गावाला सांगितली. "अरे, पोलिसांना जमलं नाय ते माझ्या बायकोनं घरात बसून केलं."

हंसाही हसली. पण त्यानंतर तिच्या एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. बचत गटाच्या बैठकीत ती शिरली की बोलणं मध्येच तुटायचं. एका साखरपुड्यात दोघीजणी एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "हलू बोल गो, हंसा आली." ती चेष्टा होती, पण दोघीही मग खरंच हळू बोलल्या. इतकी वर्षं गावच्या बायका सासूची, नवऱ्याची, दुखण्याखुपण्याची गोष्ट हंसाच्या ओट्यावर येऊन सांगायच्या. आता ओटा ओस पडू लागला. तिने काहीच बघितलं नव्हतं, तरी तिला बघणारी ठरवून टाकलं होतं.

अशात दिनानाथ सावंत घरी आले. दिपिका शिकवायला जायची त्याच सोसायटीचे सेक्रेटरी. मूळ मालवणकडचे, आयुष्यभर मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले, स्वच्छ इस्त्रीचे आणि शिस्तीचे. त्यांनी आवारात नवे कॅमेरे बसवले होते, चेहरे ओळखणारे. आता फक्त आवाज हवा होता.

"हंसाताई, गेटवर, बागेत, जिन्यात स्पीकर लावतोय. कुणी थुंकलं, कुणी फुलं तोडली, की तुमचा आवाज. 'मी पाहतेय.' बस. रविवारी उद्घाटन. शाल-श्रीफळ तुम्हालाच."

शत्रुघ्न तर ऐकताच हो म्हणून बसला. हंसा म्हणाली, "आधी बगते."

संध्याकाळी ती सोसायटीच्या ऑफिसात गेली. दिनानाथांच्या पत्नी सुमेधा चहा घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या. पडद्यावर आवार चौकोनाचौकोनांत दिसत होतं. दिनानाथ उत्साहाने एकेक चौकोन मोठा करून दाखवू लागले. मग बागेचा चौकोन मोठा झाला.

बाकावर दिपिका बसली होती. चपला काढून पाय वर घेतलेले, मांडीवर भेळेचा कागद, कानाला फोन. ती हसत होती. घरी ती तोंडावर हात ठेवून हसायची. इथे मान मागे टाकून हसत होती, आणि हंसाला तिच्या सुनेचे मागचे दातसुद्धा दिसले.

"या टीचर," दिनानाथ म्हणाले. ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. "शिकवणी संपल्यावर रोज अर्धा तास इथे बसतात. मशीनने बरोबर हेरलं. बाहेरच्यांना बाक वापरायला बंदी आहे, पण माणसाने सांगितलं की वाईटपणा येतो. तुमचा आवाज आला की आपोआप उठतील."

दिपिका घरी सांगायची, शिकवणी लांबते. हंसाने तिला कधी काही विचारलं नव्हतं. आता पडद्यावर तिला पाहताना हंसाला राग आला नाही, पण अंग चोरल्यासारखं झालं, जणू ती सुनेची पेटी उघडून बसली होती आणि सून दारात आली होती. तिने पडद्याकडे पाठ केली.

"भाऊ, ते बंद करा."

"का हो? काय झालं?"

"ते बोल मी टीव्हीवर बोलते. तिथले चोर खोटे हायेत, चहा पिऊन घरी जातात. हितली मानसं खरी हायेत. मी नाय बोलनार."

दिनानाथांना ते लागलं. पत्रिका छापून झाल्या होत्या. ते जरा ताठून म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात तरी हल्ली मालिकेतला आवाज घेऊन कॉम्प्युटरवर हवं ते बोलवून घेता येतं, ताई."

"घ्या," हंसा शांतपणे म्हणाली. "मग मी पन तुमच्या गेटवर पाट मांडून बसते आनि धवला गाते, की आत बोलते ती मी नाय, ती माझी कोन लागत नाय. माझा धवला सकाळी सुरू झाला तर दुपार होते."

सुमेधाबाईंना हसू फुटलं. मग त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि ऑफिसातल्या ऑपरेटरला विचारलं, "काय रे, या मशीनला मागचं पण दाखवता येतं का? गेटबाहेरचा वडेवाला दिसतो का त्यात?"

"दिसतो ना मॅडम," ऑपरेटर भोळेपणाने म्हणाला. "काकांचा चेहरा टाकला तर रोजचं सगळं येईल."

दिनानाथांना डॉक्टरांनी तेलकट बंद केलं होतं. त्यांचा हात आपसूक माऊसवर गेला. मग सुमेधाबाई म्हणाल्या, "राहू दे. मला नाही बघायचं. ह्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकेन."

दिनानाथांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दोन," ते अखेर म्हणाले. "चटणी लावून." आणि ते स्वतःच हसू लागले. हसणं थांबेना तेव्हा सुमेधाबाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं.

रविवारी उद्घाटन झालं. कॅमेरे गेटवर आणि पार्किंगमध्ये राहिले, बागेतला आणि जिन्यातले उतरवले. बाकावर कुणी बसायचं हा नियम सभेत आला, तेव्हा दिनानाथांनीच हात वर करून तो काढून टाकायला लावला. शाल-श्रीफळ हंसाला मिळालंच, कारण शाल आणून झाली होती.

घरी तिने दिपिकापासून हे लपवून ठेवलं नाही. भांडी लावता लावता म्हणाली, "बागेत बसतेस ते मी बगितलं. ऑफिसात, पडद्यावर. एकदाच बगितलं, परत नाय बगनार. बसत जा. घाईनं येऊ नको."

दिपिकाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "आई, रोवेनाशी बोलते मी. पापडी गावची, शाळेतली मैत्रीण. घरी आल्यावर वेळ होत नाही."

"मग काय झालं? भेल कशी असते तिथली?"

"तिखट. तुम्हाला आवडेल."

मोटर ज्याने परत ठेवली त्याचं नाव हंसाने कधी शोधलं नाही. ओट्यावर बायका पुन्हा येऊ लागल्या, पण एकदम नाही. आधी ती साखरपुड्यातली आली, आपल्या गुडघ्याचं गाऱ्हाणं घेऊन, आणि चहा संपेपर्यंत जावेचंही सांगून गेली. हंसाने दुसऱ्या कुणाला ते सांगितलं नाही असं दिसल्यावर बाकीच्या आल्या. मालिकेचा पुढचा भाग लिहिला जात होता. जितेशने विचारलं, साक्षीने आता काय करावं असं वाटतं, काकी? हंसा म्हणाली, "कधीतरी डोले मिटू दे तिला. दमली असेल."

जितेशने ते लिहून घेतलं. त्या आठवड्यात एका संध्याकाळी हंसा डबे पोचवून सोसायटीच्या बागेत गेली. दिपिकाने सरकून जागा केली. हंसाने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि भेळेचा पहिला घास घेतल्यावर तिच्या डोळ्यांना पाणी आलं. फोनवर रोवेना विचारत होती, कोण आहे तिकडे?

"माझी सासू," दिपिका म्हणाली आणि मान मागे टाकून हसली. "थांब, फोन देते त्यांना. तूच बोल."