रसेल हॅलिवेलची उंची

रसेल हॅलिवेलचं बरंचसं आयुष्य गुडघ्यांवर गेलं. यात भक्तीचा काही भाग नव्हता. तो गालिचे बसवायचा. आमच्या ऑल्डरशॉ गावातल्या निम्म्या जिन्यांवरचे गालिचे त्याच्या हातचे आहेत. गालिचा ताणून भिंतीशी न्यायला एक हत्यार असतं, त्याला मागे गादी असते आणि त्या गादीवर गुडघ्याने धडका द्यायच्या असतात. वर्षानुवर्षं अशा धडका दिल्यावर त्याचे गुडघे असे झाले होते की जिना चढताना आधी त्यांचा आवाज वर पोचायचा आणि मग तो. रांगणारा माणूस उभा राहिल्यावर केवढा होईल याचा विचार कुणी करत नाही. त्यामुळे गावाला तो माहीत होता तो मुख्यतः पाठीमागून.

उभा राहिला की तो पाच फूट चार इंच भरायचा.

मी त्याचा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही पातळ. वाचनालयातून निवृत्त झाल्यावर दिवसभर मला काम नसे, म्हणून तो मला प्रोफेसर म्हणायचा. त्यात आदर किती आणि बाकीचं किती हे मी कधी तपासून पाहिलं नाही.

तेरा वर्षांचा असताना रसेल आमच्या गावच्या फुटबॉल क्लबच्या निवडीला गेला होता. टोपी घातलेल्या एका गृहस्थाने त्याला खेळताना पाहिलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "पाय चांगले आहेत पोरा, फक्त लांबीला कमी पडतात." एवढ्यावर त्याचं फुटबॉल संपलं. ही गोष्ट त्याने मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा विनोद म्हणून सांगितली. पुढच्या वेळी सांगितली तेव्हा तो हसायला विसरला.

म्हणून त्याचा मुलगा जोएल अकराव्या वर्षी त्याच क्लबच्या अकादमीत निवडला गेला, तेव्हा घरात आनंद झाला तो फार तर एक संध्याकाळ. मग भीती राहायला आली. अकादमीत घेतलेली पोरं ठेवतात तशी सोडूनही देतात, आणि बहुतेकांना सोडतात. दर वसंतात दोन-चार मुलं गाडीत बसून रडत घरी जात. आईवडील पुढच्या सीटवर सरळ समोर बघत बसलेले असत.

टोपीवाल्याची जागा आता कॅरिसने घेतली होती. ही वेल्सकडची मुलगी, हसरी, हातात नेहमी मोजपट्टी. दर तीन महिन्यांनी ती पोरांना उभं करून मोजायची, बसवून मोजायची, वजन करायची. त्यात आईबापांची उंची मिसळली की गणित सांगायचं, हा मुलगा शेवटी केवढा होणार आणि आज त्यातला किती झालाय. ज्यांची वाढ सारखी झाली ती पोरं एकत्र खेळायची, मग वयं काही का असेनात. वाढीचा झपाटा सुरू झालेल्या मुलाचं पळणं आणि उड्या ती कमी करायची, कारण त्या दिवसांत हाडं पुढे धावतात, स्नायू मागे राहतात आणि गुडघे बोंबलतात. सगळं शास्त्रशुद्ध होतं. फक्त आईबापांची उंची तोंडी विचारत.

कॅरिस विचारायला आली तेव्हा रसेल व्हॅनमध्ये बसलेला होता. शेजारच्या गाडीला टेकून एक पोलीस उभा होता, तोही एका मुलाचा बाप. "सहा एक," तो म्हणाला, आणि त्याच्याकडे बघता ते खोटं वाटत नव्हतं.

"आणि तुम्ही, मिस्टर हॅलिवेल?"

"पाच अकरा," रसेल म्हणाला.

हे तोंडातून कसं निघालं ते त्याला कधी सांगता आलं नाही. संध्याकाळी मॅक्सीनला, म्हणजे बायकोला, कळलं. भिंत पातळ असल्यामुळे मलाही कळलं.

"पाच अकरा? मी ज्याच्याशी लग्न केलं तो तर जेमतेम माझ्याएवढा होता! कोण आहे हा पाच अकरावाला? माझ्याशी ओळख तरी करून दे."

"हळू बोल."

"हळू काय? प्रोफेसर, ऐकताय ना?"

मी ऐकत नसल्यासारखा रेडिओचा आवाज वाढवला.

सात इंचांनी चमत्कार केला. जोएल बुटका होता, पण गणिताने सांगितलं की तो बुटका नाही, त्याची वाढ व्हायची राहिली आहे. त्याला वर्षाने लहान पोरांत खेळवलं गेलं. तिथे त्याला कुणी ढकलून पाडत नव्हतं, त्यामुळे त्याचे पास दिसू लागले. चेंडू पायात यायच्या आधी तो कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असायचं. अकादमीचा प्रमुख फेअरक्लफ म्हणायचा, "थांबू या. हा उशिरा येणार आहे." आणि दर वसंतात दुसरी कुणीतरी मुलं गाडीत बसून जायची.

रसेलची झोप मात्र गेली. कॅरिससमोर व्हॅनमधून उतरायचं नाही हा पहिला नियम. पण हिवाळ्यात सामने असत आणि पालकांना मैदानाकडेच्या दोरीमागे उभं राहावंच लागे. तेव्हा त्याने गालिच्याचे उरलेले तुकडे आणायला सुरुवात केली. "पाय कोरडे राहतील," असं म्हणत तो प्रत्येक बापाला एकेक तुकडा वाटायचा. लोकांना त्याचं फार कौतुक. त्याच्या स्वतःच्या पायांखाली किती तुकडे आहेत हे कुणी वाकून पाहिलं नाही. मला तो सोबत न्यायचा आणि मैदानाच्या उतरत्या बाजूला उभं करायचा. पालकांनी ओरडायचं नाही असा क्लबचा नियम होता. बाकीच्यांना तो जाच वाटे, रसेलला तो देवासारखा पावला. तोंड उघडलं की आपण पकडले जाऊ अशी त्याची खात्री होती.

एकदा कॅरिस दोरीकडे चालत आली. रसेलने माझी बाही धरली.

"येतेय. प्रोफेसर, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. उंच माणसासारखं."

ती कुणाची तरी पाण्याची बाटली द्यायला आली होती. ती गेल्यावरही बराच वेळ त्याने माझी बाही सोडली नाही, आणि त्यानंतर मी त्या विषयावर त्याची चेष्टा केली नाही.

जोएल चौदाचा झाला. चौदाव्या वर्षी पुढल्या दोन वर्षांचं ठरतं, निर्णय फेब्रुवारीत. सप्टेंबरात क्लबने कळवलं की आता आईबापांची उंचीही प्रत्यक्ष मोजायची, बूट काढून.

रसेलने आठवडाभर जेवणात लक्ष दिलं नाही. मॅक्सीन म्हणाली, "जाऊन सांगून टाक ना एकदाचं."

"आणि पोराला काढलं म्हणजे?"

मॅक्सीनने त्याचं ताट उचललं. तिचं मोजमाप आदल्या दिवशीच झालं होतं. तिची उंची जशी होती तशीच निघाली, याचा रसेलला थोडा हेवा वाटत होता.

मग त्याने कुठेतरी वाचलं की माणूस रात्रभर आडवा पडून उठला की थोडा लांब असतो आणि दिवसभर उभा राहून दबत जातो. त्याने सकाळची पहिली वेळ मागून घेतली. आणि त्या सकाळी अंथरुणातून उठून तो जेमतेम व्हॅनपर्यंत चालला आणि मागच्या भागात गालिच्याच्या गुंडाळीवर उताणा पडला. गाडी मी चालवायची होती. कायद्याने तिथे फक्त गालिचे झोपू शकतात, हे मी त्याला सांगून पाहिलं. जोएल शाळेतून सुटी घेऊन बापाशेजारी दुसऱ्या गुंडाळीवर बसला. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्याही खोलीची भिंत पातळच होती.

"बाबा, तू मेल्यासारखा दिसतोयस."

"बोलायला लावू नकोस. बोललं की मणका दबतो."

"असं कुठे लिहिलंय?"

"प्रोफेसरांना विचार."

मी पुढून म्हटलं की असं कुठेही लिहिलेलं नाही.

"सात इंच कुठून येणार पण?" जोएलने विचारलं.

"पाच अकरा नाही तर नाही. पाच सहा तरी झालो तर म्हणता येईल, वय झालं, आक्रसलो."

मागे गुंडाळी करकरली. मला वाटलं रसेल खरंच ताणला जातोय. आरशात बघितलं तर तो मान वळवून मुलाच्या पायांकडे बघत होता. उताण्या माणसाच्या डोळ्यांसमोर शेजारी बसलेल्याचे गुडघेच येतात. जोएल अर्ध्या चड्डीत होता आणि अंगठ्याने वाटीच्या खाली चोळत होता.

"हे काय आहे?"

"काही नाही."

"टेंगूळ आहे. दुसऱ्या पायालाही आहे. कधीपासून?"

"ईस्टरपासून."

"सांगितलंस तिला?"

"सांगितलं. ती म्हणाली, तुझी वाढ अजून वर्षभर लांब आहे, तेव्हा ते वाढीचं नसणार. पाय बळकट नाहीत म्हणून दुखत असेल. आणखी उड्या मारायला दिल्या."

"मग?"

"मग मारतोय."

"दुखत असताना?"

"बाबा, दुखतं म्हटलं की बाकावर बसवतात. आणि तू इकडे..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"गाडी थांबवा," रसेल म्हणाला.

मी बाजूला घेतली. तो उठून बसला. ज्या मणक्याला त्याने सकाळपासून अंड्यासारखं जपलं होतं तो त्याने एका झटक्यात दाबला. दोन्ही हातांनी मुलाचा गुडघा धरून तो बसला होता. त्याचा चेहरा मी तीन वर्षं घाबरलेला पाहत आलो होतो, पण हा तसा नव्हता. आजवर त्याला पकडले जाण्याची भीती होती. आता त्याला दिसलं होतं की पकडलं न जाऊन आपण काय करून ठेवलंय.

"चला," तो म्हणाला. उरलेला रस्ता तो बसूनच आला.

कॅरिसच्या खोलीत भिंतीला पट्टी होती आणि तिच्यावर सरकणारी फळी. "बूट काढा आणि टाचा मागे लावा," ती हसून म्हणाली.

रसेलने बूट काढले. टाचा लावल्या नाहीत. "मी पाच चार आहे," तो म्हणाला. "पाच अकरा कधीच नव्हतो. पोराचे गुडघे बघा."

कॅरिस घाईने म्हणाली, "हरकत नाही, सगळेच बाप वाढवून सांगतात. आम्ही गणितातच थोडं कापून घेतो."

"किती?"

"एखादा इंच. बहुतेकदा तेवढंही नाही."

"माझ्यासाठी करवत लागली असती."

तरी तिने त्याला उभं केलंच. फळी डोक्याला टेकली. "पाच चार आणि अर्धा." अशा प्रसंगातही रसेलने माझ्याकडे ओझरतं पाहिलं. तो अर्धा इंच व्हॅनचा होता.

तिने नवा आकडा घालून गणित केलं आणि तिचं हसू गेलं. जोएलला बाकावर बसवून तिने दोन्ही टेंगळं दाबून पाहिली. तो ओरडला नाही, पण त्याचे डोळे भरले.

"तुझा झपाटा वर्षाने येणार नाहीये, जोएल. तू आत्ता त्याच्या ऐन मध्ये आहेस." मग रसेलकडे न बघता म्हणाली, "पळणं बंद. उड्या बंद. दुखायचं पूर्ण थांबेपर्यंत."

"म्हणजे कधीपर्यंत?" जोएलने विचारलं.

"हिवाळा जाईल."

"पण निर्णय फेब्रुवारीत आहे."

रसेलने बूट घालायला घेतले आणि त्याला नाड्या बांधता येईनात. शेवटी जोएलने खाली बसून बांधल्या, तो दुखणारा गुडघा जमिनीला न टेकवता.

जोएल हिवाळाभर दोरीच्या आमच्या बाजूला उभा राहिला. रसेल गालिच्याचे तुकडे आणायचा, पण आता प्रत्येकाला एकच, स्वतःलाही. पोलीस त्याला पहिल्यांदा शेजारी उभा पाहून म्हणाला, "काय रे, आजारी आहेस का? लहान झाल्यासारखा दिसतोस." रसेल म्हणाला, "हो." आणि मैदानाकडे बघत राहिला. तिथे जोएलच्या जागी दुसराच कुणी खेळत होता आणि दुर्दैवाने बरा खेळत होता.

फेब्रुवारीत फेअरक्लफने तिघांना बोलावलं. मॅक्सीनने मला नंतर भिंतीऐवजी कुंपणावरून सांगितलं. फेअरक्लफ सभ्य माणूस. त्याने आधी चहा विचारला, आणि तेव्हाच तिला कळलं.

"पोरात काय आहे ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण हिवाळाभर मी त्याला पाहिलेला नाही. न पाहिलेल्याला हो म्हणता येत नाही मला."

रसेलने एकच विचारलं, "उंचीमुळे का?"

"उंची बघून मी कधीच कुणाला काढलं नाही," फेअरक्लफ म्हणाला, आणि थोडं थांबून, "निदान मला तसं वाटतं."

परतताना जोएल गाडीत रडला. आईबाप समोर बघत बसले. हे सगळं आम्हाला पाठ होतं, फक्त इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाडीत पाहिलेलं.

आता जोएल रविवारी सकाळी नगरपालिकेच्या मैदानावर खेळतो. ते मैदान एका बाजूला कललेलं आहे आणि कोपऱ्यात कुत्र्यांचा वावर असतो. टेंगळं आहेत, दुखत नाहीत. तो पाच सहा झालाय. मॅक्सीन म्हणते, घरातला उंच माणूस शेवटी मिळाला. इथे ओरडायला बंदी नाही, आणि बाकीचे बाप ओरडतात. रसेल ओरडत नाही. तो चुन्याच्या रेषेला लागून सगळ्यांच्या पुढे उभा असतो, आणि मला तो वरच्या बाजूला उभं करतो की खालच्या, हे त्याच्या लक्षातही नसतं.

फक्त हवेत चेंडू आला आणि जोएल उडी मारायला वाकला की रसेलचा हात माझ्या बाहीवर येतो. पोरगा खाली येऊन, दोन्ही पायांवर टेकून, पुढची दोन पावलं नीट टाकेपर्यंत तो सोडत नाही. माझ्या कोटाची ती बाही आता दुसऱ्या बाहीपेक्षा बरीच लांब झाली आहे.