पत्र्याआडची आकृती

माझे धाकटे दीर तपासणी नाक्यावर क्ष-किरणांची गाडी चालवत. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबणारा माणूस. माझे यजमान म्हणत, "हा शिंकायचं झालं तरी विचारून शिंकेल." भाऊजी नुसते हसत.

त्यांची गाडी उभ्या ट्रकच्या एकाच अंगाने सावकाश सरके. किरण पत्र्यातून आत जात, आतल्या वस्तूंवर आपटून मागे फिरत आणि त्यांचं चित्र गाडीतल्या पडद्यावर उमटे. लोखंड काळं दिसे. धान्य, कापड, माणूस पांढरं. दार उघडावंच लागत नसे.

एका रणरणत्या दुपारी सीलबंद ट्रकच्या चित्रात, खोक्यांच्या फटीत, गुडघे पोटाशी घेतलेली पांढरी आकृती दिसली. भाऊजींनी पत्र्यावर थापा मारल्या. आतून काहीच नाही.

"माल भरला तेव्हा मी नव्हतोच हो!" ड्रायव्हर आधीच रडकुंडीला आला.

ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने हात वर केले. "साहेबांच्या परवानगीशिवाय सील तुटत नाही. फोन लावतोय, उचलत नाहीत."

माणसावर पुन्हा किरण सोडणं भाऊजींच्या जिवावर आलं. पण आत धुगधुगी आहे का, हे कळायला दुसरा उपाय नव्हता. दुसऱ्या चित्रात हात गुडघ्यावरून डोक्यावर गेला होता.

"जिवंत आहे!" ते ओरडले.

"मग काढेल की थोडा वेळ," अधिकारी म्हणाला आणि पुन्हा फोन कानाला लावला.

पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. तिसऱ्या चित्रात हात डोक्यावरच होता. चौथ्यातही.

परवानगी आली, दार उघडलं. बाई होती, माझ्या सुनेच्या वयाची. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि उठून उभे राहिले. तिचं नाव कोणालाच कळलं नाही.

संध्याकाळी भाऊजी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. चहा ठेवला, तो तसाच राहिला.

"वहिनी, मी बघत बसलो हो. सिनेमा बघावा तसा."

"तुम्ही तरी काय करणार होतात?" त्यांची समजूत घालायला मी म्हटलं.

"सीटखाली टॉमी होती. चाक खोलायची. एका दणक्यात सील तुटलं असतं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी हळूच बाजूला केला.